मापासाठी पट्टी

रिजक्रेस्टला पेट्रोल भरलं, पाण्याचे दोन कॅन घेतले.
काउंटरवरच्या पोराने विचारलं, कुठे?
ट्रोना, म्हणालो.
तो हसला नाही. सुट्टे मोजून हातावर ठेवले
आणि म्हणाला, काचा बंद ठेव.

आधी वास आला, गाव नंतर.
नासक्या अंड्यांचा, भिजल्या चुन्याचा,
आणि मी ताशी साठ मैलांनी
थेट लोणारच्या काठावर, सातवीच्या सहलीत,
नाकाला रुमाल लावून.
आत्याच्या डब्यातला चिमूटभर पापडखार
ह्याच जातीचा.
इथे तो मालगाडीने जातो.

तळं नाही, तळ्याची नुसती पाठ:
पांढरी, भेगाळलेली, मध्येच मिठाचं गुलाबी डबकं.
पलीकडे चुनखडीचे सुळके,
पाण्याखाली वाढलेले, शेकड्यांनी.
पाणी गेलं तेव्हा उभे होते,
बसायचं राहूनच गेलं.
पहाटे सहाला ट्रायपॉड रोवला.
रोलमध्ये बारा फ्रेम.
नऊ सुळक्यांवर घालवल्या
आणि दर वेळी वाट पाहिली,
दूरचा तो एकटा तंबूवाला
फ्रेममधून बाहेर जाईपर्यंत.

मग गाव.
शाळेचं फुटबॉलचं मैदान, गवताचं पातं नाही,
मातीवरच ओढलेल्या पांढऱ्या रेघा.
फर्निचरचं दुकान, आत एकच खुर्ची,
तीही भिंतीकडे तोंड करून.
छप्पर उडालेलं घर, न्हाणीत टब,
टबात काठोकाठ वाळू.
ही दहावी.
अकरावीही टबाचीच. ऊन जरा सरकलं होतं.

विम्याचा माणूस का तू?
शेजारच्या दारातून एक बाई.
वर्ना ऑस्टरहाउट, कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
नाही, म्हणालो.
मग कसले फोटो काढतोस?
प्रकाशाचे, म्हणालो,
आणि माझं मलाच ऐकवेना.
तिने थोडा विचार केला.
भिंतीचा काढता येईल?

स्वयंपाकघरात कॅलेंडर उचललं. मागे भेग,
छतापासून सिंकपर्यंत, वीज थिजावी तशी.
जुलैत जमीन हलली त्याची.
कंपनीला फोटो हवाय, म्हणाली,
आणि शेजारी पट्टी हवी. मापासाठी.
ड्रॉवरमधून लाकडी फूटपट्टी निघाली,
कर्कटकने कोरलेलं नाव: डेल.
डेल कोण, ते विचारलं नाही.
ती पट्टी भिंतीला लावून उभी राहिली,
श्वास रोखून, जणू तिचाच एक्स-रे.
फोनवर चार काढले, तिथल्या तिथे मेल केले.
बारावी फ्रेम उरली होती.
तीही काढली. का, कोण जाणे.

डब्यातले पीच दिले तिने, काट्याने खायला.
खिडकीतून ते छप्पर नसलेलं घर दिसत होतं.
पॉलीनचं, म्हणाली.
पाळी संपली की पाचला टबात बसायची,
रेडिओ इतका मोठा लावायची
की मला बातम्यांसाठी वेगळा लागायचाच नाही.

मी पीच खात राहिलो.
बाहेर भोंगा झाला. ती म्हणाली, तीनची पाळी,
आणि घड्याळ न बघता पातेलं चढवलं.

दोन महिन्यांनी रोल धुतला.
सुळके सुरेख आलेत. ज्याला दाखवावेत तो विचारतो,
हे केवढे? कपाएवढे की कळसाएवढे?
मलाही आता खात्रीने सांगता येत नाही.
टबाचे दोन्ही फोटो
मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत.
मधे वर्नाचा मेल आला, एका ओळीचा:
ते म्हणतात भेग जुनी आहे.

बारावी भिंतीवर टेबलाच्या वर लावलीय.
तिच्यापुरतं मी नक्की सांगू शकतो:
वरच्या टोकाला पाऊण इंच.
खालचं वाचता येत नाही,
तिथे तिचा अंगठा आलाय.