टेपचं दुसरं टोक

तोलेसा मोजतो. मी टेपचं दुसरं टोक धरतो.
कृषी महाविद्यालयात एकवीस वर्षं
कुणाचं ना कुणाचं दुसरं टोकच धरत आलोय मी.
हा पहिलाच, जो दर खुणेला मागे वळून
"ठीक?" विचारतो. मराठीत.

पारशिवनीच्या अलीकडे, नहराच्या शेपटाला,
सायत्राबाई सलामेंचा दीड एकर गहू.
गव्हात तीन हिवर, एक मोह, दोन अचार.
धुऱ्यावर पळस, धावडा, मोवई, लेंडिया
आणि एक झाड, ज्याचं नाव मलाही आलं नाही.
बाई म्हणाल्या, "लिहा, सासूचं."
तोलेसानं स्पेलिंग विचारलं.

पलीकडे सोळा एकर, एकही सावली नाही.
तिथलं हार्वेस्टर अर्ध्या दिवसात आटोपलं.
जाता जाता ड्रायव्हरनं इकडे बघितलं :
झाडं काढा, मग फोन करा.
बाईंनी फोन केला नाही.
चार बाया, चार विळे, पाच दिवस,
मजुरी गव्हातच, वीस पेंड्यांमागे एक.

आम्ही कापणीच्या आदल्या दिवशी पोचलो होतो.
मीटरभर लोखंडी चौकट
मोहाखाली टाकली, हिवराखाली टाकली,
मग उघड्यावर, जिथे ऊन सरळ डोक्यात शिरतं.
ओंब्या चोळल्या, फुंकर घातली,
भूस माझ्या चष्म्यावर बसलं.
मोहाखाली एकशे नव्वद ग्रॅम.
उघड्यावर तीनशे साठ.
हिवराखाली तीनशे चाळीस.
हिवराचं त्यानं पुन्हा तोललं. मग आणखी एकदा.
मग काटा बंद करून हिवराच्या पांढुरक्या बुंध्याला
पाठ लावून बसला,
बस चुकलेला माणूस बसतो तसा.

माझी इंग्रजी मोडकी, त्याची वाकडी,
मधल्या खड्ड्यातून जे कळलं ते असं :
त्यांच्या अर्सीत गव्हात एक झाड असतं, गर्बी.
उलट्या डोक्याचं.
पावसात सगळं रान हिरवं, तेव्हा हे पानं टाकून उघडं,
कडक उन्हाळ्यात गुरं दगड चाटतात, तेव्हा हे हिरवं.
वडिलांच्या शेतात सात होती.
ज्या वर्षी गव्हाला भाव आला, त्या वर्षी
गावात कापणीयंत्र भाड्यानं आलं.
यंत्राला वळायला जागा लागते.

पुढच्या वर्षीच्या भावाचं
मी विचारलं नाही.
त्यानं मातीतून हिवराची एक शेंग उचलली,
वाजवून बघितली, खिशात ठेवली.

इकडे मी बाईंना हिशेब समजावायला लागलो.
मोहाखालची तूट गुणिले सावलीचा घेर
गुणिले कळमन्याचा भाव, वजा हमाली, तोलाई, अडत,
वजा टेम्पोचं भाडं. आकडा सांगणार, तेवढ्यात
त्या म्हणाल्या, "मोहाचा हिसाब मोहाखाली
नोका करू भाऊ. आयकते तो."

मी बाजूला सरकलो. खरंच सरकलो.
तोलेसा हसला. त्याला काय कळलं, देव जाणे.

"आन गहू?" मी उन्हात उभा राहून विचारलं.
"चार पोते घरी. बाकी कळमन्याले.
भाव तिथंच समजते,
पोतं उतरवल्यावर. परत तं आनता येत नाही."

हे वाक्य मी त्याला इंग्रजीत सांगितलं.
बाकी सगळं त्यानं वहीत लिहिलं होतं,
हे लिहिलं नाही. नुसती मान हलवली,
घरच्या कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी.

आता महाविद्यालयात, मार्च संपता संपता,
त्याचे तक्ते मी स्वच्छ अक्षरात उतरवतोय.
झाडं बारा, जाती सात,
सातवीसमोर सासूचं, मोठ्या साहेबांनी
लाल पेन्सिलीनं गोल केलेलं.
शेवटचा रकाना : झाडामुळे नुकसान, रुपये.
तो त्यानं कोरा सोडलाय.
साहेब म्हणाले, तू भरून टाक, तुला गणित येतं.

गणित येतं मला.
टेप गुंडाळायला घेतली तर
अठराव्या मीटरवर अडकलेली
गव्हाची एक कुसळं बोटात घुसली.
चिमट्यानं काढतोय. रकाना राहू दे
जेवणानंतर.