मिस वेलाबुरे

सिनावच्या पुढे बावीस किलोमीटर
बसमध्ये मी एकटीच उरले होते.
सैफ ड्रायव्हरनं खिडकीतून बोट फिरवलं:
ती शाळा. ती मशीद. तो बकाला.
गाव सांगून झालं.

गडहिंग्लजला अकरा वर्षं
विनाअनुदानित खुर्चीवर बसून
मी भविष्यकाळ शिकवला.
इथे महिना भरला आणि पगार झाला,
तर वाटलं कुणाचा तरी चुकून आलाय.
चार दिवस त्या पैशांना हात लावला नाही,
मालक येईल म्हणून.

पहिल्या संध्याकाळी घरमालकीण उम्म खलफान
खजूर आणि कहवा घेऊन बसली.
कप रिकामा झाला की ती भरायची,
भरला की मी प्यायची,
पाहुण्यानं नको म्हणू नये, असं आईचं शिकवणं.
नवव्या कपाला तिच्या सुनेनं माझं मनगट धरलं,
कप हलवून दाखवला, डावीकडे, उजवीकडे.
असं केलं की पुरे.
त्या रात्री डोळ्याला डोळा नाही.
एसीचे थेंब मोजत पडले.
आता त्या थेंबांखाली कढीपत्ता आहे.
रोप बकाल्यातल्या कुंजहम्मदनं दिलं,
मलप्पुरमच्या मातीसकट.

पाचवीत सत्तावीस मुली.
त्यांच्या भाषेत प नाही.
पेनचं बेन, पेपरचं बेबर,
आणि ळ तर इथे कुणी पाहिलेलाच नाही,
म्हणून मी, प्रमिला वेळापुरे,
ब्रमिला. मिस वेलाबुरे.
हसायला काय जातं?
माझे वडील जन्मभर इस्टो म्हणाले
आणि चहा त्याच्यावरच उकळला.

मी वहीच्या पानाच्या पट्ट्या कापल्या.
ओठांसमोर धरायची. पेन म्हणायचं.
प असेल तर पट्टी उडते, ब असेल तर नाही.
पुस्तकात तसं चित्रच होतं.
सत्तावीस पट्ट्या स्तब्ध.
मग मी करून दाखवलं,
आणि तिसऱ्या बाकावरची जुवैना म्हणाली,
मिस, तुमचीही नाही हलली.

खरंच नाही हलली.
माझा प गडहिंग्लजचा, ओठांत राहणारा,
वारा बाहेर न सांडणारा.
ज्या प च्या जिवावर मी समुद्र ओलांडला
तो त्यांचा नव्हता आणि माझाही नव्हता.
रात्री न्हाणीघराच्या आरशासमोर
मी पट्टी धरून उभी राहिले,
पेन, पेपर, पीपल,
आरशावर नुसती थुंकी.

दुसऱ्या दिवशी जुवैनाला म्हटलं,
आता तू मला शिकव. तुझी अक्षरं.
तिनं गळ्याला बोट लावलं. ऐन.
वरून नाही मिस, इथून,
जिथे रडू अडतं तिथून.
तिथली जागा मला चांगली माहीत होती,
तरी अक्षर आलं नाही. खोकला आला.
ऐन म्हणजे डोळा, ती सांगत होती.
ऐन म्हणजे झरासुद्धा.
आणि मी फळ्याकडे पाठ करून आठवत राहिले:
ऐन दुपारी. ऐन लग्नसराईत. ऐन वेळी.
म्हणजे हा शब्द आमच्याकडे
माझ्या कितीतरी आधी नोकरीला आला होता.
तोही घशातला आवाज वाटेत हरवून.
आम्ही त्याला कधी विचारलं नाही,
बाबा, तू मूळचा कुठला?

परवा वर्गात एसी एकदम सुरू झाला
आणि बाकांवरच्या सगळ्या पट्ट्या उडाल्या,
कुणी काही न म्हणता.
मुली त्यांच्यामागे धावल्या, मीही धावले.

शुक्रवारी आईचा फोन.
तिकडं तुला काय म्हणत्यात गं?
वेलाबुरे.
अगं बाई. बुरे?
म्हटलं, चांगल्या अर्थानं.