विंगडणे

शहापुरातल्या प्रेसात कागद आला, वॉर्ड ऑफिसचा.
एका बाजूला कन्नड, दुसरी बाजू कोरी.
शिवपुत्रप्पा म्हणाला, मास्तर, मागं मराठी घाला,
सकाळी घंटागाडीवर चिकटवायचंय. पानाला साठ रुपये.

मथळ्यात एकच इंग्रजी शब्द, कन्नड लिपीत,
सेग्रिगेशन.
गोल गोल अक्षरं, कासाराने बांगड्या मांडाव्यात तशी.

मी लिहिलं 'विलगीकरण',
आणि येळ्ळूर रोडचं ते हॉस्टेल आठवलं.
चौदा दिवस. दारातून काठीनं सरकवलेला डबा.
खोडलं.

'वर्गीकरण' लिहिलं.
त्यात एक कारकून बसलेला,
दाखल्यावरचा रकाना बोटानं दाबून धरणारा,
बोट उचलेना.
खोडलं.

'वेगळं करणे.'
हे साधं वाटलं म्हणून जरा टेकलो
तर तिथंच सारजामावशी, निपाणीची,
तंबाखूच्या वखारीत पान निवडत बसलेली.
काळं इकडं, पिवळं तिकडं, काडी पायाशी.
बोलता बोलता निवडायची, बघायचीसुद्धा नाही,
बोटांनाच रंग कळायचा.
चारला चहा.
बाकीच्या बायकांचे कप टोपलीत,
मावशीचा दाराबाहेर, खिळ्याला.
टोपलीतले कप रोज अदलाबदल व्हायचे,
हा कुणी चुकूनसुद्धा उचलला नाही.
मी सात-आठ वर्षांचा. विचारलं, मावशी, ह्याला काय म्हणतात?
म्हणायचंय काय त्यात, ती म्हणाली,
खिळा म्हणतात.

पुढं मेळाव्यांत 'आम्हाला वेगळं पाडलं' म्हणून
पहिल्या रांगेत घसा बसेपर्यंत ओरडलो.
खोटं नव्हतं ते.
पण वखार मराठी होती.
चहाही मराठी.
खिळाही.

रात्र गेली. मथळा कोराच.
साडेसहाला गाडी घेऊन दुरगव्वा आली,
कागदाच्या कात्रणांचं पोतं न्यायला.
तिला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात ह्याला?
ती म्हणाली, विंगडणे री.
हसी कस, ओण कस.

कस?
आमच्यात कस जमिनीत असतो, सोन्यात असतो,
माणसाचा लागतो कधीतरी.
तिच्यात कस म्हणजे केर.
गाडीभर कस ओढत ती रोज तेवीस गल्ल्या फिरते.

आणि हा विंगडणे, शेपटीला आमचाच णे लावून
उघडणे, बिघडणे, सापडणेच्या रांगेत उभा,
नाक्यावर कुणी हटकणार नाही असा.
तोंडातल्या तोंडात चालवून बघितला.
मी विंगडतो. तू विंगडतोस.
त्यांनी आम्हाला विंगडलं.
आम्ही सारजामावशीला
इथं जीभ अडली. क्रियापद बरोबर होतं,
'आम्ही'त मी कुठं बसतो ते कळेना.

बाहेर दुरगव्वा एक बादली उपसत होती.
उष्टा भात, ब्लेडं, कापूस, हाराची फुलं, सगळं एकात.
पत्रक कुठल्याही भाषेत लावा,
विंगडायचं शेवटी तिच्याच हातानं,
आणि हातमोजा एकाच हाताला.

पाणी मागितलं तिनं.
शिवपुत्रप्पानं कागदी कप भरून दिला.
हल्ली सगळ्यांना कागदीच, तो म्हणाला,
मी काही न विचारताच.
टेबलावर आमचे दोन स्टीलचे पेले पालथे.
मी ते बघितले.
उठलो मात्र नाही.

ती गटागटा प्यायली.
गाडीपाशी गेली, परत दारात आली,
ओला झालेला तो कागदी कप दोन बोटांत धरून.
मास्तर, तुम्ही लिहिणारे, तिनं विचारलं,
हा कशात टाकू,
हसी का ओण?