निजायला निघालेली

चोडणच्या खाजनात, मानशीच्या दाराला
मी एक डबी ठोकली आहे, पत्त्यांच्या जोडाएवढी.
आत चिप, बॅटरी; खाली पाण्यात तरंगता गोळा.

तिचं खरं काम झोपणं.
जागी राहिली तर बॅटरी आठवडा काढत नाही,
म्हणून कर्नेल एकेकाला निजवतो:
आधी सेन्सर, मग तो ज्या बसवर टांगलेला ती बस,
मग घड्याळाचे ठोके, शेवटी स्वतः.
एकच तार उघडी. गोळा उचलला गेला
की तिच्यावरून हाक जाते, आणि उलट्या क्रमाने
सगळे डोळे चोळत उठतात.

कागदावर.

अमावास्येच्या भरतीला दारात ओंडका अडकला.
खारं पाणी कोरगुटाच्या वाफ्यांत शिरलं
आणि डबी गप्प.
रुझार म्हणाला, "बाय, तुजी पेट न्हिदली."
रागावला नाही. तेच लागलं.

तीन रात्री वेर्ण्याच्या ऑफिसात लॉग उपसला.
हाक आली होती. वेळेवर.
एका रजिस्टरात तिची खूण शाबूत.
फक्त डबी तेव्हा जागी नव्हती, निजलेलीही नव्हती,
निजायला निघाली होती.
जागेपणीचा कान मिटलेला,
झोपेतला अजून उघडायचा,
आणि कोडाच्या त्या दोन ओळींमधून
अख्खी भरती निघून गेली.

दुरुस्ती लहानशी:
निजण्याआधी आलेल्या हाका मोज.
एकेक दिवा मालवत जा, अगदी शेवटी पुन्हा मोज.
आकडा बदललाय?
टाक सगळं, ऊठ.

आता सकाळच्या फेरीबोटीत मी रात्रीचा हिशेब बघते.
दोन वाजून दहा: भरती. उठली, कळवलं, निजली.
आणि मागोमाग, पंधरा मिनिटांनी, आणखी एक हाक,
पाण्याच्या कुठल्याच तक्त्याशी न जुळणारी.
भरती रोज पुढे सरकते, तीही तिच्यामागून सरकते.
एकदाच. हलकी.
गोळा कुणी तळहातात घेतल्यासारखी.

तन्वेश म्हणतो, खोटा सिग्नल, गाळून टाकू,
वर्षाला चार दिवसांची बॅटरी वाचेल.

मला रुझारची टॉर्च ठाऊक आहे,
बांधावर काढून ठेवलेल्या चपला,
गुडघ्यावर हात टेकून खाली वाकणं:
"जागी आसा मगे?"

त्या ओळीवर मी टिप्पणी लिहिली आहे.
खरा सिग्नल. काढू नये.