वचन बदला

फळ्यावर लिहिलं : वचन बदला.
आंबा. तेजलनं लिहिलं, आंबे.
मासा. मासे.
फणस. फणसे.
"फणस तसाच राहतो गं," म्हटलं.
"म्हणजे एक लागला काय नि झाड भरलं काय,
फणसाला काहीच वाटत नाही?"

वही. वह्यो.
ही घरची कोंकणी.
लाल पेन उचललं नि परत ठेवलं.
माझ्याही आईच्या तोंडी वाटो होत्या, तारल्यो होत्या,
आणि टोपलीतला हिशोब तिचा कधी चुकला नाही.

ऊ. ऊऊ.
डोकं खाजवत लिहिलेलं,
अनुभवातून आलेलं उत्तर.
"उवा," मी सांगितलं. "सासू, सासवा. जाऊ, जावा."
"आणि भाऊ?"
"भाऊ तसाच."
"फणसासारखा?"
"फणसासारखा."
तिचा भाऊ बारावीला आहे, म्हापशात खोली घेऊन राहतो.
तिनं मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं.

पाणी, यावर मात्र ती अडून बसली.
"विहिरीतलं गोडं एक, नदीचं खारं एक,
मानशीच्या दारात भेटतात, मग दोन नाही झाली?"
मानशी उघडणारे तिचे आजोबा.
मी विषय बदलला.

शिमग्यानंतर तिनं अर्ज दिला होता :
मला एक कांजिणी झाल्यामुळे मी येऊ शकले नाही.
मी म्हटलं, कांजिण्या म्हणायचं, ती एकटी नसते.
तिनं नाकाचा शेंडा पुढे केला.
"मोजा."

मोठ्यांचं तर विचारूच नका.
पणजीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडतो,
"एक लेडीज आसा, सुवात करात!"
मी एकटी, दोन पिशव्या, एक छत्री;
त्याच्या डोळ्यांना बहुतेक घोळकाच दिसत असावा.
फेरीच्या धक्क्याजवळ गुरुदास वळवईकरानं पाटी लावलीय,
'रूम्स भाड्याने मिळतील'.
खोली एक. तीही तुळशीमागची, सासू काशीला गेली तरच.
आणि पालकसभेला सरपंच उठून म्हणाले,
"मी स्वतः एक पालकवर्ग आहे."
टाळ्या वाजवायला आम्ही तिघं होतो.

चुका माझ्याही होतात.
रोज सकाळी दहा बाकांकडे बघून म्हणते,
"मुलांनो, वह्या काढा."
तेजल मागे वळून बघते.
मग दप्तरातून एकच वही काढते, हळूच सांगते,
"बाई, अनेकवचन."

पट : एक.
गेल्या वर्षी तीन होते. जूनपासून
आम्हांला पलीकडच्या वाड्यावरच्या शाळेत मिसळणार आहेत,
गोडं की खारं, ते कागदावर लिहिलेलं नाही.
भागशिक्षणाधिकारी शिरसाट आले, चष्मा पुसला,
"एकूण विद्यार्थी?" त्यांनी विचारलं.
तेजलच उठली. "विद्यार्थी तसाच राहतो, सर.
एक असला तरी विद्यार्थी, चाळीस असले तरी विद्यार्थी."
शिरसाट बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले.
ते त्यांच्या खिशालाच होतं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "बाई,
तुम्ही एकट्या आहात, तरी मी 'बाई आल्या' का म्हणायचं?"
"मान म्हणून."
"मान दिला की माणसं वाढतात?"
दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली, चप्पल चिखलाची,
एकच चप्पल, दुसरी फेरीत राहिलेली.
मी हजेरी उघडली, म्हटलं,
"तेजल च्यारी आल्या."
ती इतकी हसली की बाहेर पोदेराची सायकल थांबली.

साडेबाराला घंटा तीच देते.
मग ओरडत, बाक ओलांडत, दार आपटत,
पायरीवरून उडी मारून सुटते,
नि अंगणातली कुत्री बाजूला होतात.

घोळका.
मी दाराशी उभी राहून बघते.
शब्द एकवचनी आहे.