तीन जर्दाळू

तो आत आला बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावर झटकून.
दोर्दोय बाजारात दुकान म्हणजे जहाजावरचा कंटेनर,
भिंती लोखंडाच्या, छत लोखंडाचं,
फेब्रुवारीत चहासुद्धा दोन घोटांत विझतो.
म्हणाला, एसेनकुल माझं नाव, अत-बाशीहून आलोय.
महिन्याभरात मेंढ्या विणार,
टॉर्चला सेल हवेत. दोन. चार्ज होणारे.
मोठा आकडा असलेले दे.

मोठा आकडा.
मी लाल सेल समोर ठेवला.
नऊ हजार नऊशे, सोनेरी अक्षरांत, बाजूला वीज कोसळतानाचं चित्र.
पलीकडच्या गल्लीत एकशे वीस सोमला मिळतो.
शेजारी ठेवला फिकट हिरवा,
अंगावर बारीक शाईत दोन हजार सहाशे,
भाव तीनशे ऐंशी.
त्याचा हात लालकडे गेला.
सगळ्यांचाच जातो.

मग मी आईची तागडी काढली.
हिच्यावर तिनं चाळीस वर्षं सुका मेवा विकला
आणि दांडीला बोट लावलं नाही.
एका पारड्यात हिरवा, एकात लाल.
लाल असा वर गेला
की एसेनकुल टोपी मागे सारून वाकला.
मी लालच्या पारड्यात एक जर्दाळू टाकला.
दुसरा.
तिसरा टाकला तेव्हा कुठे दांडी आडवी झाली.

आत काय असतं? मी एक कापून पाहिलाय.
करंगळीएवढा सेल, आणि उरलेल्या जागेत
पांढरी भुकटी. पीठ म्हण, राख म्हण.

खोटं कशाला बोलू,
पहिल्या हिवाळ्यात मीही हेच विकले.
खोक्यावरची लिपी मला वाचता येत नव्हती,
नफा वाचता येत होता.
मग एक पोरगा कोट घेऊन आला.
खिशात किल्ल्या, सुटे पैसे, आणि त्यांत मोकळा सेल.
खिसा नव्हताच, मुठीएवढं काळं भोक होतं.
तो भांडला नाही, पैसे मागितले नाहीत,
कोट काउंटरवर ठेवून निघून गेला.
तो बघ खिळ्याला. तीच माझी पाटी.

म्हणून ऐक.
डबीतच ठेव, ही घे, दहा सोम. राहू दे, अशीच ने.
वरचं वेष्टन खरचटलं तर माझ्याकडे आण,
नवं चढवायला पाच मिनिटं लागतात.
उजेड मंदावला की थांब,
शेवटचा थेंब पिळू नकोस;
आचळात कोकरासाठी ठेवतोस ना, तसं.
बाहेरून गोठून आलेला सेल लगेच चार्जरला लावायचा नाही,
आधी कोटाच्या आत घे,
नुकतं जन्मलेलं घेतोस तसा,
ऊब येऊ दे त्याला.
चार्जर भरलं की आपणहून थांबणारा हवा.
नमद्यावर नको ठेवू, लोखंडी ताटलीत ठेव,
आणि झोपण्याआधी काढ.
फुगला, तापला, गोड वास आला,
तर घराबाहेर. विचार करत बसू नकोस.

त्यानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
दोनांचे होत नव्हते.
लालकडे एकदा बघितलं.
म्हटलं, तो विकायला नाही, दाखवायला आहे.
एक खरा ने. टॉर्च बारीक ठेव,
मेंढीला वितेवेळी डोळ्यांत सूर्य नको असतो.

तो काही बोलला नाही.
पारड्यातला एक जर्दाळू उचलून खाल्ला,
हिरवा एका तळहातावर, लाल दुसऱ्यावर,
डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.
मग हिरव्याचे पैसे ठेवले.

एप्रिलमध्ये एक बाई आली,
गालांवर डोंगरातला वारा, कडेला पोर.
आकडा विचारला नाही, रंग विचारला नाही.
तळहात पुढे करून म्हणाली,
तीन जर्दाळूंनी जड असतो तो दे.
माझ्याकडे त्या दिवशी दोनच उरले होते.
तिनं तागडी मागितली.