दुसऱ्या भिंगाची जागा

दुकानाच्या काचेत ती पिशवी
पंचेचाळीस हजार फ्रँकला टांगलेली.
माझ्याकडे सहा हजार, आणि कॅमेरा
जुन्या स्वेटरात गुंडाळलेला,
आजाऱ्यासारखा.
डकारची धूळ कुणाची गय करत नाही.
बटणांच्या फटीत शिरते,
भिंगावर जाऊन बसते,
आणि फोटोत नवरीच्या गालावर
डाग होऊन उमटते.
नवरी तर माझी बहीणच होती.

रोखाया सासरी गेली.
आमच्या गादीची तिची बाजू
तिच्याच आकाराची खोलगट राहिली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
मी अंथरूणच कापलं.
पावाच्या सुरीला पाणी लावून,
एका दमात, कारण मध्येच थांबलं
की फोम कुरतडल्यासारखा निघतो.
आई दारातून म्हणाली, "आता पाहुणी आली तर?"
"तिनं कुशीवर झोपावं," मी म्हटलं.

मालाङ शिंप्यानं चिंध्यांचं एक गाठोडं
पायानंच माझ्याकडे सरकवलं:
निळ्या कापडावर पिवळे टेबलफॅन.
"फुकट नाही हं. चहा कर. तिन्ही फेऱ्या."
पहिला कडू झाला, तोवर मी कापड बेतलं.
दुसरा बरा झाला.
तिसऱ्या गोड चहाला त्यानं शिवण पाहिली
आणि तोंड कडू केलं.
"हे पंखे जुळव, यांदे.
अर्धा पंखा कुणाला वारा घालणार?"
उसवलं. टाचलं. पुन्हा उसवलं.
एक अर्धा राहिलाच शेवटी, तळाशी,
जिथं फक्त जमीन बघेल.

आतून मोडक्या छत्रीचं कापड,
ओल आत येऊ नये म्हणून.
पट्टा भंगारातल्या टॅक्सीचा सीटबेल्ट,
इतका कोरा
की त्यानं जन्मात कुणाला बांधलं नसावं.
त्याच्यावर तीन सुया मोडल्या.
चौथीला मालाङनं मेण लावलं
आणि वर एक शिवी.

राहता राहिला दुसरा कप्पा,
माझ्याकडे नसलेल्या भिंगाचा.
दुकानदार ते हातात देईना,
तेव्हा काचेबाहेरूनच बोटांनी माप घेतलं
आणि बोटं तशीच ताणून धरून
घरापर्यंत चालत आले.
वाटेत शेजारच्या बाईनं हात पुढे केला,
मी माझा दिला नाही.
(ती अजून रागावलेली आहे.)
घरी टोमॅटोच्या लगद्याचा रिकामा डबा
त्या बोटांत नेमका बसला.
त्याच्याभोवती फोम वळवला, कप्पा शिवला,
डब्याच्या झाकणाला चीर पाडली,
त्यात पहिलं नाणं टाकलं
आणि डबा तिथंच ठेवून दिला.
मालाङ म्हणाला, "नसलेल्या वस्तूला
इतकी मऊ गादी?"
गादी कुणाची होती, हे त्याला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात बारसं होतं, ग्राँ-योफला.
बाळाभोवती सगळा गोतावळा,
आणि बाळाचा मोठा भाऊ, वय वर्षं तीन,
खुर्चीमागे भिंतीला नाक लावून.
नव्या सदऱ्याची लालूच दाखवली,
मावशीनं बिस्किट दाखवलं,
आजोबांनी तर बकरीचा आवाज काढला.
तो वळेना.
मी सेल बदलायला वाकले,
पिशवी कमरेवरून पुढे आली
आणि डबा खुळखुळला.

तो वळला.
डोळ्यांत पाणी, तोंड अर्धं उघडं,
आवाज कुठून आला ते शोधणारा.
बोट आपोआप खाली गेलं.

बायकांना नंतर फोटो दाखवत होते,
त्या पिशवीच उलटीपालटी करत होत्या.
"कुठं मिळाली? केवढ्याला?"
एकीला तळाचा अर्धा पंखा दिसला.
"हा मुद्दाम ठेवलायस ना?" ती म्हणाली.
मी हो म्हटलं.

त्या दिवशीची बिदागी डब्यात गेली.
नाणी कमी, नोटा जास्त,
त्यामुळे डबा आता कमी वाजतो.
भिंग येईल तेव्हा कप्पा अगदी गप्प होईल.
मग भिंतीकडे तोंड केलेली मुलं
कशाला वळून बघतील?
एक नाणं बाहेरच्या खिशात
शिवून टाकावं म्हणते.